रूपरावांची निळी फुंकणी

हिंगणघाटात दिवाळी उलटली की हवेला लव फुटते. जिनिंगच्या पत्र्यांच्या फटींतून सुटलेली कापसाची पुंजकी गावभर हिंडत राहतात. काही कुणाच्या मिशीवर बसतात, काही कुणाच्या चहात उतरतात, उरलेली वणा नदीच्या पाण्यावर जाऊन निवांत पडून राहतात. आम्ही बर्फ पाहिलेला नाही आणि त्याचं आम्हाला दुःखही नाही. आमचा बर्फ वितळत नाही, आणि अंगावर पडला तर फार तर एक शिंक येते.

अशा या हलक्या, पांढऱ्या, एका ठिणगीत संपून जाईल अशा गावात रूपराव एका जिनिंगच्या फाटकावर दरवान होते. दरवान म्हटलं की डोळ्यापुढे मिशा आणि काठी येते. मिशा होत्या. काठीची गरज कधी पडली नाही, कारण रूपरावांना नाक होतं. आत जाणाऱ्या प्रत्येक माणसाला ते थांबवायचे, त्याच्या खिशांवरून दोन्ही हात अलगद फिरवायचे आणि मग जरा पुढे वाकून हुंगायचे. करदोट्यात, दुपट्ट्याच्या घडीत, चपलेच्या पट्ट्याखाली, कुठेही काडीपेटी असो, त्या नाकाला ती कळायची. ‘काढ,’ एवढंच ते म्हणत. समोरचा निमूटपणे काढून देई आणि संध्याकाळी फाटकाजवळच्या कोनाड्यातून ज्याची त्याला परत मिळे. एकदा म्हणे शेठजींच्या पाहुण्याच्या कोटातला लायटर त्यांनी बाहेरूनच ओळखला. पाहुणा चिडला, तेव्हा शेठजी रूपरावांच्या बाजूनं बोलले. ही गोष्ट रूपराव दर होळीला सांगत. होळीलाच, कारण त्या संध्याकाळी सगळी गल्ली होळीभोवती असे आणि रूपराव लांब, पाण्याच्या बादलीजवळ उभे असत. तिथे ऐकायला शेजारचा मीच एकटा सापडे.

कारण गंमत अशी की आयुष्यभर विस्तवाला अडवणारा हा माणूस विस्तवाला भीत असे. वरवर नाही, अगदी भक्तिभावानं भीत असे. घरात त्यांनी कधी काडी ओढली नाही. देवापुढचा दिवा त्यांची बायको शकुबाई लावत, स्टो शकुबाई पेटवत, आणि त्या स्टोला पंप मारू लागल्या की रूपराव अंगणात जाऊन आभाळाचं निरीक्षण करत. त्यांना स्वप्न पडे तेही एकच. कापसाची डोंगराएवढी गंजी, तिच्यावर कुठूनशी येऊन बसलेली एवढीशी ठिणगी, आणि रूपरावांच्या तोंडून आवाज फुटत नाही. ‘मग काय झालं?’ मी सकाळी विचारायचो. ‘मंग हिनं उठवलं,’ ते म्हणायचे. शकुबाईंच्या सांगण्याप्रमाणे आवाज चांगला फुटत असे, निम्मी गल्ली जागी होत असे.

शकुबाई बारीक, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांना मात्र विस्तव वश होता. आणि वर्षातून एक दिवस तर सारी गल्ली त्यांच्या विस्तवाकडे डोळे लावून बसे.

गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली खंडोबाचं ठाणं आहे. ठाणं म्हणजे शेंदूर लावलेला दगड, वर पत्रा, समोर घंटा. गल्लीतली बरीच घरं त्याची. या घरांचा नेम असा की पावसाळ्यात वांगं सोडायचं, आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावरच ते पुन्हा तोंडाला लावायचं. मधल्या काळात बाजारात वांग्यांचे ढीग लागतात. ही माणसं सोयरीक मोडलेल्या घरावरून जावं तशी मान खाली घालून त्या ढिगांवरून पुढे जातात.

नैवेद्य एक असला तरी त्याचे मान दोन. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे फुललेल्या निखाऱ्यांत, भाजून रोडगे करायचे, तो मान समोरच्या मनकर्णाबाईंच्या घरचा. भरताचा मान शकुबाईंचा. त्यांच्याकडे तो सासूकडून आला, सासूकडे तिच्या सासूकडून. वांगी अंगणात पऱ्हाटीवर भाजायची. कापूस वेचून झाल्यावर वाळून जातात ती झाडं म्हणजे पऱ्हाटी. तिचा जाळ भडकतो लवकर आणि विझतोही लवकर, पण जाता जाता वांग्याला असा काही वास लावून जातो की त्या वासानं माणसं नुसती ओट्यावर बसून राहतात आणि आपण कशासाठी बसलो आहोत हे विसरतात. रूपराव त्या दिवशी सकाळीच नदीवर जात आणि धूर बसल्यावर परत येत.

सत्त्याण्णव साली रूपराव नोकरीतून मोकळे झाले आणि त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी शकुबाईंची छाती कुरकुरू लागली. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी दमा सांगितला, तोंडात मारायचा पंप दिला आणि धुराजवळ जायचं नाही म्हणून बजावलं. थोडाही नाही का, असं शकुबाईंनी विचारून पाहिलं. थोडाही नाही. गॅससाठी नाव नोंदवून वर्षं लोटली होती, पण नंबर काही लागत नव्हता. मग त्या चंपाषष्ठीला त्यांनी वांगी स्टोवर भाजली. भरीत दिसायला झकास होतं. नैवेद्य झाला, प्रसाद वाटला गेला, लोकांनी पहिला घास घेतला आणि तो तोंडातच थांबला. भरताला घासलेटाचा वास होता. देवाला वाटलं असेल आपला नैवेद्य कुणी कंदिलात बुडवला. कुणी काही बोललं नाही. मनकर्णाबाई बोलल्या.

मनकर्णाबाईंचं सगळंच मोठं. कुंकू मोठं, आवाज मोठा, मनही मोठं, फक्त मन पोचायच्या आधी आवाज पोचत असे. त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, “शकू, पुढच्या साली भरीत बी माह्याकडंच राहू दे. रोडग्याचा आर तं पेटतेच. तू आपली खुर्ची टाकून बस.”

हे त्या मायेनं म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं. शकुबाई हसल्या. घरी येऊन भांडी घासायला बसल्या आणि घासून झालेली भांडी पुन्हा घासू लागल्या. रूपराव दारात उभे होते. त्यांच्याकडे न बघता शकुबाई म्हणाल्या, “रोडगे तिचे अन् भरीत बी तिचं. मंग देवापुढं आपल्या घरचं काय जाईन? मी खुर्चीवर बसेल?”

रूपरावांनी चपला पायात सरकवल्या. ते नदीवर गेले आणि धूर नसतानाच बराच वेळ बसून राहिले.

उत्तर पुढच्या उन्हाळ्यात जावयाच्या खिशातून आलं. जावई चंदन नागपूरला फ्रिज दुरुस्त करायचा. सीताबर्डीच्या फुटपाथवर त्याला एक नवलाची वस्तू मिळाली होती. मुठीत मावेल एवढी, पिस्तुलासारखा घोडा असलेली, पोटात लायटरचा गॅस भरायची. घोडा ओढला की तोंडातून बोटभर ज्योत. सासऱ्यांना आता वेळच वेळ आहे, घरातल्या बारीकसारीक कामांना बरी, म्हणून त्यानं ती आणली. सोबत गॅसचा एक डबाही होता. आमच्या गल्लीत चूल फुंकायच्या नळीला फुंकणी म्हणतात. ही स्वतःच फुंकत होती, म्हणून हिलाही तेच नाव पडलं.

चंदननं घोडा ओढून दाखवला तेव्हा रूपराव ओसरी सोडून अंगणात गेले. तिथून त्यांनी जावयाला चहा घ्यायचा आग्रह केला. चंदन गेल्यावर त्यांनी ती वस्तू दोन बोटांनी उचलली, रेतीच्या बादलीत पुरली आणि वर ओलं पोतं टाकलं.

पण चंदन जाताना एक वाक्य बोलून गेला होता, धूर नाई अन् वास नाई. शकुबाईंनी ते ऐकलं होतं. दुपारी त्यांनी बादलीतून फुंकणी उकरून काढली, पदरानं रेती पुसली आणि घोडा ओढला. ओसरीच्या सावलीत ती ज्योत नुसती उभी राहिली. ना हलली, ना तडतडली. मुळाशी आभाळाच्या रंगाची, टोकाशी जवळजवळ नसल्यासारखी. सूं असा बारीक आवाज, जसा झोपलेल्या तान्ह्या लेकराचा असतो. रूपराव तिसऱ्या पायरीवरून पाहत होते. पुढे ते मला म्हणाले, आयुष्यभर ज्याला खिशातून बाहेर काढलं तो आत इतका शांत असेल असं वाटलं नव्हतं.

शकुबाईंनी ज्योत विझवली आणि विचारलं, “याच्यावर वांगं भाजते का?”

रूपराव म्हणाले, भाजत असेल.

“मंग तुम्ही शिका. साल जळन त्याचा धूर होईनच, तेवढा बी मले सोसणार नाई. भाजा तुम्ही, कुस्करतो मी. हात घरचेच.”

असा रूपरावांचा अभ्यास सुरू झाला. पहिले काही दिवस ते खांद्यावर ओलं पोतं घेऊन, डोळे मिटून, हात लांब करून घोडा ओढत. दारातून पाहणाऱ्याला वाटे की म्हातारा सूर्याला गोळी घालतो आहे. मग एक डोळा उघडला. मग दुसरा. मग पोतं सुकलं तरी त्यांच्या ध्यानात येईना.

आणि मग प्रेम जडलं. उशिरा जडलेल्या प्रेमाला काही धरबंध नसतो. बाजेची नायलॉनची दोरी उसवली होती, रूपरावांनी तिची टोकं ज्योतीवर धरून अशी गोळा करून दिली की जणू फुलाची कळी. लोणच्याच्या बरणीचं पत्र्याचं झाकण बसलं होतं, त्याच्याभोवती ज्योत फिरवली आणि झाकण आपणहून सुटलं. सायकलचा गंजलेला नट, तडकलेली प्लॅस्टिकची बादली, गळका तांब्या, पोह्याच्या पापडांच्या पिशव्यांची तोंडं. स्वतःच्या घरातली कामं संपली तसे ते गल्लीत निघाले. लोकांच्या दारात उभे राहून, काही सैल झालंय का, काही अडकलंय का, अशी विचारपूस करू लागले. खिशात विस्तव घेऊन! ज्या लोकांचे खिसे त्यांनी आयुष्यभर चाचपले, ते आता त्यांच्या सदऱ्याच्या फुगलेल्या खिशाकडे बघून ‘काढ’ म्हणत आणि रूपराव लाजत.

मनकर्णाबाईंच्या घरच्या सगळ्या बादल्यांच्या कड्या त्यांनी नीट करून दिल्या. मनकर्णाबाईंनी चहा पाजला आणि भर ओसरीवर विचारलं, “काऊन भाऊजी, यंदा देवाले बादलीचं भरीत का?” रूपराव चहा पिऊन निमूट परत आले. शकुबाईंच्या नजरेपुढे जायचं टाळून मागच्या दारानं आत गेले.

त्या पावसाळ्यातल्या उघडिपीच्या दुपारी मला अजून आठवतात. रूपराव ओसरीच्या कडेला उन्हात बसलेले, हातात पेटती फुंकणी. उन्हात ती ज्योत दिसत नाही. फक्त तिच्या पलीकडची तुळस जरा वितळल्यासारखी हलते. ते त्या हलण्याकडे पाहत राहत. काही काम नसे. शकुबाई आतून तांदूळ निवडत त्यांच्याकडे पाहत, आणि गल्ली इतकी शांत असे की सूं आवाज माझ्या ओट्यापर्यंत येई. एकदा या न दिसणाऱ्या ज्योतीनं त्यांची डावी मिशी निम्मी नेली. त्यांना कळलं ते वासानं. इतरांच्या काड्या हुंगणाऱ्या नाकाला स्वतःची मिशी हुंगायची वेळ आली. पुढे महिनाभर ते बोलताना उजवी बाजू पुढे करून बोलत.

स्वप्नही बदललं. कापसाची गंजी तीच, पण आता तिच्यावर ती निळी ज्योत खंड्या पक्ष्यासारखी उडत उडत येई, इथे टेके, तिथे टेके, आणि कापूस जळत नसे, जरा उबदार होई. रूपराव त्या उबेत झोपून राहत. शकुबाईंना उठवावं लागत नसे.

दिवाळी झाली आणि खरी परीक्षा सुरू झाली. चंपाषष्ठीपूर्वी हात बसवायचा म्हणजे वांगी भाजून पाहायला हवीत. वांगी मिळाली. भाजली. आणि मग रूपराव-शकुबाईंच्या ध्यानात आलं की ती चाखायची कुणी? घरात वांग्याचा नेम. चाखलं तर देवाच्या आधी आपण खाल्लं. न चाखलं तर देवाला काय वाढतोय ते कळणार नाही. नवरा-बायको त्या काळ्या वांग्याच्या दोन बाजूंना बसून एकमेकांकडे पाहत राहिले. शेवटी शकुबाईंनी ते बकरीपुढे ठेवलं. बकरीला नेम नव्हता. तिनं देठासकट खाल्लं आणि अजून मागितलं.

पुढचे काही दिवस बकरी हीच परीक्षक होती आणि तिनं रूपरावांना एकदाही नापास केलं नाही. मला मात्र शंका आली. आमच्या घरी हा नेम नाही, तेव्हा एक दिवस मी आपणहून पाटावर जाऊन बसलो. वांगं बाहेरून कोळसा होतं आणि आतून थेट शेतातून आल्यासारखं कच्चं. रूपरावांनी ज्योत जवळ धरली होती, साल जळाली आणि गराला पत्ताच नव्हता. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी ज्योत लांब धरून सावकाश फिरवली, लेकराला निजवावं तशी. या वेळी वांगं आतून इतकं शिजलं की त्याला राहवेना. टोचायचं राहिलं होतं. वांगं फुटलं. गर छताला गेला, माझ्या चष्म्यावर आला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या देवाला थेट कपाळावर लागला. शकुबाईंनी हात जोडले. हा नैवेद्य धरायचा की नाही यावर बराच विचार करून त्यांनी तो धरायचा नाही असं ठरवलं.

तिसऱ्या वांग्याला गॅसची चव होती. बकरीला ती आवडली होती. का आली असावी ते आम्हाला कळेना, मग रूपरावांनीच नाक लावून शोधून काढलं. फुंकणी पेटल्या पेटल्या ज्योत पिवळी असते, तेव्हाच वांग्याला लावली की चव उतरते. ती पूर्ण निळी होईपर्यंत थांबायला हवं. तेव्हापासून ते घोडा ओढून आधी ज्योतीकडे बघत उभे राहायचे आणि म्हणायचे, ‘आली, आली, आता आली.’

त्यानंतरचं वांगं मी खाल्लं आणि डोळे मिटले. मऊ होतं, गोड होतं. शकुबाईंनी दाराआडून विचारलं की कसं आहे. मी चांगलं आहे म्हणालो.

“पण?” शकुबाई म्हणाल्या. मी ‘पण’ म्हटलं नव्हतं.

पऱ्हाटीचं नाही, असं मला सांगावं लागलं. रूपराव फुंकणीकडे पाहू लागले. शकुबाई म्हणाल्या की घासलेटाचं तर नाही ना, मग देव चालवून घेईल.

चंपाषष्ठी उजाडली ती धुक्यात. थंडी होती, आणि धुकं असं की लिंबाची पानं दिसत नव्हती आणि कापसाची पुंजकी ओली होऊन जमिनीला चिकटली होती. समोर मनकर्णाबाईंच्या अंगणात गोवऱ्यांचा आर धुमसत होता. इकडे रूपराव ओसरीवर अंघोळ करून, टोपी घालून, वांग्यांच्या रांगेपुढे बसले. प्रत्येक वांगं टोचलेलं, तेल लावलेलं. ओट्यावर आम्ही शेजारीपाजारी. शकुबाई आतल्या दारात परात घेऊन बसल्या, बाजूला पातीचा कांदा, लसूण, मिरच्या आणि सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांनी घाबरू नये.

थंडीत गॅसही आळसावतो. ज्योत उभीच राहीना. रूपरावांनी फुंकणी काखेत धरली, अंडं उबवल्यासारखी उबवली आणि पुन्हा पेटवली. आली, आली, आता आली. पहिलं वांगं झालं, दुसरं झालं. काम सावकाश चाललं होतं आणि धुक्यात ती निळी ज्योत फार सुरेख दिसत होती. बोलणं आपोआप थांबलं. निम्मी वांगी झाली असतील. ज्योत आखूड झाली, पिवळी झाली आणि गेली.

रूपरावांनी डबा उचलून फुंकणीत गॅस भरायला घेतला. डब्यानं फुस्स केलं आणि गप्प झाला. त्यांनी तो कानाशी धरून हलवला. आत काही नव्हतं. गल्लीतल्या बाजा, बरण्या आणि मनकर्णाबाईंच्या बादल्यांच्या कड्या यांत तो सगळा गेला होता, आणि उन्हातल्या त्या दुपारींत.

कुणी काही बोललं नाही. या वेळी मनकर्णाबाईही बोलल्या नाहीत. त्या आपल्या अंगणातून फक्त बघत होत्या, आणि त्यांचं न बोलणं गल्लीनं पहिल्यांदाच ऐकलं. शकुबाईंनी परात खाली ठेवली.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “तिले आवाज द्या. घेऊन जाईन वांगे.”

रूपराव उठले. उरलेली वांगी टोपलीत घातली, टोपली कमरेवर घेतली आणि गल्ली ओलांडून गेले. आम्हाला वाटलं, संपलं. ते मनकर्णाबाईंच्या फाटकाशी थांबले. फाटकाशी थांबायची त्यांना सवयच होती, पण आजवर ते आतल्या बाजूला असत.

“वहिनी, थोडा विस्तव पाह्यजे.”

“भरीत करून पाह्यजे का?”

“नाई. पऱ्हाटी अन् विस्तव. अन् तुमच्या इथं बसाले जागा. भाजतो मीच.”

मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. त्याच घरात येऊन रूपरावांनी मागे त्यांच्या नवऱ्याची विडी विझवायला लावली होती, घरच्या लग्नातला बँडवाल्यांचा गॅसबत्तीवाला लांब उभा केला होता. मनकर्णाबाईंच्या तोंडावर आलेला टोमणा आम्हाला इकडून दिसला. तो त्यांनी गिळला. पदर खोचला, आपल्या आराच्या बाजूची जागा पायानं साफ केली, मागून पऱ्हाटीचा भारा ओढून आणला आणि रोडग्यांच्या आरातला एक निखारा त्याखाली सारला.

“बसा,” त्या म्हणाल्या. “अन् भेऊ नोका, भाऊजी. मी हावो इथं.”

पऱ्हाटी भडकली. रूपराव एक पाऊल मागे आले. त्यांचे दोन्ही हात सवयीनं स्वतःच्याच खिशांवरून फिरले, जणू हा सगळा जाळ कुणीतरी त्यांच्या खिशातून आत आणला होता. मग ते खाली बसले. वारा उत्तरेचा होता, धूर नदीकडे जात होता, शकुबाईंकडे नाही. रूपरावांनी पहिलं वांगं जाळावर ठेवलं आणि चिमटा दोन्ही हातांनी धरला. जाळ वाकून त्यांच्या गुडघ्याशी येई, ते अंग चोरत, पण उठले नाहीत.

मनकर्णाबाईंनी जवळ बसून सांगायला सुरुवात केली. आता परता, आता देठाकडून धरा. रूपरावांनी चिमट्यात वांगं उचललं आणि मान वर केली. गल्लीच्या या बाजूला शकुबाई दारातून उठून ओसरीच्या कडेला येऊन उभ्या होत्या, नाकाला पदर लावून. रूपरावांनी वांगं उंच धरलं. शकुबाईंनी मान हलवली, नाही. त्यांनी ते परत जाळावर ठेवलं. जरा वेळानं पुन्हा उंच धरलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा शकुबाईंची मान खाली झाली, आणि रूपरावांनी वांगं टोपलीत ठेवलं, देवाला फूल वाहावं तसं.

“आता दुसरं असं धरा की,” मनकर्णाबाई म्हणू लागल्या.

“तुम्ही नोका सांगू, वहिनी,” रूपराव जाळाकडे पाहत म्हणाले. “मले तिकडून हुकूम येऊन राह्यला.”

मनकर्णाबाई आपल्या रोडग्यांकडे वळल्या. मग त्यांनीही समोर पाहायला सुरुवात केली, आणि शकुबाईंची मान खाली झाली की जोरात ‘झालं!’ म्हणून गल्लीला कळवू लागल्या. धुकं आणि धूर एकमेकांत मिसळले. मधूनच रूपराव दिसेनासे होत, नुसता चिमटा वर आलेला दिसे, चिमट्यात काळं वांगं, आणि ते त्या पांढऱ्यात लटकत हुकमाची वाट पाही.

शकुबाईंनी सगळी वांगी एकाच परातीत कुस्करली. फुंकणीची आणि पऱ्हाटीची निवडायची कशी, निवडायला कुणाला वेळ नव्हता. देवापुढे त्यांनी आपल्या हातानं भरीत ठेवलं, शेजारी मनकर्णाबाईंनी रोडगा ठेवला, घंटा वाजली. प्रसादाचा पहिला घास मनकर्णाबाईंनी घेतला. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनी तो बराच वेळ चावला आणि काही न बोलता द्रोण पुन्हा पुढे केला. त्यांच्याकडून एवढं कौतुक आजवर देवालाही मिळालं नव्हतं.

“पुढच्या साली बी तुहाच आर लागन,” शकुबाई त्यांना वाढता वाढता म्हणाल्या.

“आर माहा,” मनकर्णाबाई म्हणाल्या, “पण भाऊजीले धाडजो. आमच्या घरचा माणूस त् रोडगा बी परतत नाई.”

पुढे दोन-तीन वर्षांत शकुबाईंचा गॅसचा नंबर लागला. लाल सिलिंडर आलं, दोन तोंडांची शेगडी आली, आणि फुंकणीकडे बाजेच्या दोऱ्या, अडलेली झाकणं आणि बादल्या तेवढ्या उरल्या. आता वांगी घरातच भाजता आली असती. पण चंपाषष्ठीच्या सकाळी रूपराव टोपली कमरेवर घेऊन गल्ली ओलांडत, मनकर्णाबाईंच्या अंगणात पऱ्हाटीपुढे बसत. अजूनही जाळ भडकला की ते जरा मागे सरतात. आमच्या ओट्यावर ऊन यायच्या वेळी समोरच्या धुरात चिमटा वर जातो. इकडे शकुबाई उभ्या असतात. वांगं केव्हाच झालेलं असतं, ते आम्हालाही इथून दिसतं. पण त्यांची मान लवकर खाली येत नाही. त्या धुरात बसलेल्या त्या माणसाकडे त्या जरा वेळ नुसत्या पाहत राहतात.